फॉर्म आम्ही भरायचे, पेपर त्यांनी लिहायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या स्त्रीरोग व प्रसूतीशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापक आहेत. युरोपातल्या एका विद्यापीठानं त्यांच्या विभागाला पाच वर्षांच्या प्रकल्पात भागीदार व्हायचं निमंत्रण दिलं आहे. विषय बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि रक्तक्षय. तिसरा भागीदार पूर्व आफ्रिकेतलं एक वैद्यकीय महाविद्यालय. संशोधनाबरोबर 'क्षमता बांधणी'ही आहे: एका तरुण डॉक्टरला तिकडे वर्षभराचा मास्टर्स, दोघा-तिघांना काही आठवड्यांचे कोर्स, दर वर्षी एक कार्यशाळा. डीन खूश आहेत. विभागप्रमुख म्हणतात, 'झेपणार आहे का? युनिटला धड रेसिडेंट पुरत नाहीत.' बाईंना स्वतःला जुना अनुभव बोचतो. एका परदेशी अभ्यासासाठी त्यांच्या लेबर रूमनं मान मोडून फॉर्म भरले आणि पेपर छापून आला तेव्हा अख्खा विभाग आभाराच्या एका ओळीत मावला होता. मास्टर्ससाठी त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी उत्सुक आहे. त्या लिहितात, 'तिला पाठवलं तर ती परत येणार नाही, न पाठवलं तर तिच्यावर अन्याय. युरोपकडे पद्धत आहे, आमच्याकडे बाळंतिणी आहेत, असा हा सौदा. आणि आफ्रिकेचे प्रश्न नि आमचे तरी कुठे सारखे? हो म्हणू की नाही, एवढंच सांगा.'

डॉक्टरबाई,

एवढंच सांगायचं तर, हो म्हणा. पण सध्या तुमच्या हातात आहे त्या मसुद्याला नव्हे. पत्रासोबत तुम्ही जो गोषवारा पाठवलात, त्यात कोणी कधी कुठे जायचं हे विमानाच्या तिकिटांसकट ठरलेलं आहे. पाच वर्षांनी तुमच्या विभागात काय उरलेलं असेल, याबद्दल अवाक्षर नाही. तुमची घालमेल तिथूनच येते आहे आणि ती रास्त आहे. मात्र तिची जी कारणं तुम्ही दिलीत त्यातली काही मला पटत नाहीत.

आधी त्या आभाराच्या ओळीबद्दल बोलू. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घालून दिल्या आहेत. अभ्यासाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा तो गांभीर्यानं सुधारण्यात सहभाग. अंतिम मसुद्याला संमती. आणि छापून आलेल्याची जबाबदारी. चारही हव्यात. नुसते फॉर्म भरून लेखक होता येत नाही, हे तेव्हा कोणीतरी तुम्हाला ऐकवलं असेलच. पण पहिली अट पुरी करणाऱ्याला बाकीच्या अटी पुऱ्या करायची संधी मिळाली पाहिजे, असंही तेच निकष सांगतात. हे सहसा कोणी ऐकवत नाही. तुमच्या विभागातल्या किती जणांकडे तो मसुदा वाचायला आला होता? किती जणांनी ती डेटा फाइल एकदा तरी उघडून पाहिली? पत्राच्या सुरावरून उत्तर कळतंय. नाव गेलं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी डेटा गेला होता आणि त्याच्याही आधी, अभ्यास कशाचा करायचा हे ठरवायची बैठक तुमच्याशिवाय होऊन गेली होती. या खेपेला भांडायचंच असेल तर त्या बैठकीतल्या खुर्चीसाठी भांडा. लेखकांच्या यादीचं भांडण मग निम्मं तिथेच मिटतं.

आता 'युरोपकडे पद्धत, आमच्याकडे बाळंतिणी'. वाक्य झणझणीत आहे, पण खरं नाही आणि तुम्ही ते मानणं तर फारच धोक्याचं. तुमच्याच विषयातलं, तुमच्यापासून फार लांब नसलेलं उदाहरण घ्या.

बाळंतपणात रक्त किती गेलं हे आपल्याकडे कसं मोजतात ते मी तुम्हाला सांगायला नको. सिस्टर पॅडकडे बघतात, टेबलाखालच्या बादलीकडे बघतात आणि केसपेपरवर 'दोन-अडीचशे' लिहून मोकळ्या होतात. त्यांचा दोष नाही, नजरेला दुसरं काही साधन दिलेलंच नसतं. २००० नंतरच्या काही वर्षांत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी केली. खेड्यांतली बाळंतपणं, ती करणाऱ्या एएनएम म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका, आणि १,६२० बाया. चाचणी करायची तर रक्त मोजायला हवं, तेही घरात किंवा उपकेंद्रात, जिथे धड उजेड नाही. म्हणून या मंडळींनी एक प्लास्टिकची चादर तयार केली. बाळ बाहेर आलं की ती बाईच्या खाली सरकवायची, तिचे पट्टे पोटाभोवती सैलसर बांधायचे. खालच्या बाजूला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी लोंबते आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा छापलेल्या. बस. पुढे या चादरीच्या मापाशी नजरेचा अंदाज ताडून पाहिला, तर नजर सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे आपल्या 'दोन-अडीचशे'तले कितीतरी प्रत्यक्षात चारशेकडे झुकलेले असणार. चाचणीचा निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: गोळी न मिळालेल्यांत रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के, मिळालेल्यांत ६.४ टक्के. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

मुद्दा गोळीपेक्षा चादरीचा आहे. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांमधला 'ई-मोटिव्ह' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रेघांच्या चादरीनं रक्त मोजायचं आणि धोक्याची रेघ ओलांडली की मालिश, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकामागोमाग एक, वाट न बघता करायचं, अशी पद्धत होती. रक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण या पद्धतीच्या रुग्णालयांत ९३ टक्के निघालं, नेहमीच्या पद्धतीनं चालणाऱ्यांत ५१. गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं आणि मृत्यू हे एकत्र धरलं तर १.६ टक्के विरुद्ध ४.३. याची सूत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे होती हेही खरं, आणि ते तुम्ही विसरू नये. पण बेळगावच्या एएनएमसाठी जिची गरज पडली ती रेघांची चादर आज आफ्रिकेतल्या लेबर रूममध्ये आहे आणि ती वापरायची कशी याचे नवे धडे तिकडून आपल्याकडे येतील. तेव्हा 'त्यांचे नि आमचे प्रश्न कुठे सारखे' हे वाक्य तरी मागे घ्या. तुमच्या प्रकल्पातला तुमच्या कामाचा भागीदार युरोपपेक्षा पूर्व आफ्रिकेत असण्याची शक्यता जास्त आहे. तिथल्या लेबर रूममध्येही रात्री दोनला एकच सिस्टर असते आणि रक्तपेढी फोन उचलत नाही.

आणि सीमा म्हणाल तर गोव्याचं उदाहरण पाहा. बाळंतिणीच्या नैराश्यावर साध्या, डॉक्टर नसलेल्या बायकांनी घरी जाऊन बोलण्याची एक पद्धत पाकिस्तानात तयार झाली, २००८ मध्ये तिचा पेपर आला. नंतर गोव्यातली 'संगत' ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी ती शेजारपाजारच्या आयांकडून देता येईल अशी बेतली आणि दोन्हीकडे स्वतंत्र चाचण्या केल्या. गोव्यात त्या आयांना 'सखी' म्हणत, तिकडे 'रझाकार', म्हणजे स्वयंसेविका. दोन्ही पेपर २०१९ मध्ये आले. निकाल डोळे दिपवणारे नव्हते, बेताचेच होते. पण गोव्याहून रावळपिंडीला जायचा व्हिसा मिळणं किती सोपं आहे ते तुम्ही जाणताच, आणि तरीही हे झालं. एकमेकांकडे जाता न येणारी माणसं एकच प्रशिक्षण-पुस्तिका आपापल्या बायकांच्या बोलीत आणू शकतात. 'क्षमता बांधणी' म्हणजे कोणालातरी विमानात बसवणं, ही समजूत त्यामुळे मला नेहमी तोकडी वाटते.

आता तुमची विद्यार्थिनी. हा भाग तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकलात, पण खरी कळ तिथेच आहे असं मला वाटलं.

ती परत येणार नाही असं तुम्ही धरून चालला आहात. कशाकडे येईल, हे तुम्ही लिहिलेलं नाही. समजा ती मास्टर्स करून आली. अकरा महिन्यांचं कंत्राटी पद, एक दिवसाआड इमर्जन्सी, संशोधनाला वेगळा तास नाही, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर आणि एथिक्स कमिटीची बैठक कोरमअभावी पुढे ढकललेली. इथे राहण्यासाठी माणूस नुसता देशप्रेमी असून चालत नाही, थोडा हट्टीही लागतो. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. १९८९ साली दोन गावांतल्या ६५० बायकांच्या तपासणीचा त्यांचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काहीतरी त्रास होता आणि याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. गरीब देशांतल्या बायकांचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजाला त्या दोन गावांनी धक्का दिला. तिकडे शिकलेली पद्धत आणि इथे राहून सुचलेला प्रश्न एकत्र आले की काय होतं याचा याहून चांगला दाखला मराठी माणसाला शोधावा लागत नाही. पण प्रत्येक पीजीकडून गडचिरोलीची अपेक्षा धरणं म्हणजे व्यवस्थेनं स्वतःचं काम टाळणं आहे. बंगांनी संस्थाच नवी काढली. तुमच्या विद्यार्थिनीला आहे त्याच संस्थेत जागा हवी आहे.

घानाचा अनुभव इथे उपयोगी पडेल. तिथले तरुण डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायला परदेशी जात आणि बहुतेक तिकडेच राहत. १९८९ पासून मिशिगन विद्यापीठाच्या आणि इतरांच्या मदतीनं घानानं पदव्युत्तर शिक्षण देशातच सुरू केलं. बाहेरचे शिक्षक घानात यायचे, विद्यार्थी थोड्या काळासाठी बाहेर जाऊन परत यायचे, पदवी आणि परीक्षाही पश्चिम आफ्रिकेतल्याच. २००७ मध्ये या मंडळींनी मोजदाद छापली: पूर्ण करून बाहेर पडलेल्या ३८ पैकी ३७ जण घानातच काम करत होते. ते प्रशिक्षण मुख्यतः उपचारांचं होतं, संशोधनाचं नव्हे, हा फरक आहे. तरी माणसं का राहतात हे त्यातून दिसतं. शिकताना तुमची मुळं, तुमचे रुग्ण, तुमचे वरिष्ठ जिथे असतात तिथे तुम्ही राहता. युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठानं स्वीडनच्या मदतीनं पीएचडीचं असंच केलं: संशोधन आणि रुग्ण युगांडातले, मार्गदर्शक दोन्हीकडचे, तिकडे जाणं तुकड्या-तुकड्यांनी. याला तिकडचे लोक 'सँडविच' म्हणतात.

तेव्हा युरोपला सांगा की वर्षभराच्या सलग मास्टर्सऐवजी तुकड्या-तुकड्यांचा अभ्यासक्रम हवा, प्रबंधाचा विषय तुमच्या लेबर रूममधला हवा, आणि परत आल्यावरच्या दोन वर्षांचा पगार नि थोडा संशोधन निधी याच प्रकल्पाच्या बजेटमध्ये हवा. हे त्यांना अशक्य नाही. परत आल्यावरच्या मदतीची तरतूद प्रशिक्षण-अनुदानांमध्ये लोक करतात, फक्त मागावी लागते. आणि हे सगळं केल्यावरही ती तिकडेच राहिली, तर राहू द्या. बाँड, शपथपत्र, भावनिक दडपण यातलं काही करू नका. तिच्या शिफारसपत्राचा या प्रकल्पाच्या होकार-नकाराशी काही संबंध ठेवू नका. ते आजच लिहा आणि मनापासून लिहा.

मात्र पाठवायचं फक्त तिलाच, हे मला मान्य नाही. तुमची लेबर रूम चालवतं कोण? सिस्टर इन्चार्ज. रजिस्टर भरतं कोण? त्यांच्याच हाताखालच्या. संशोधनाचा दर्जा जिथे ठरतो त्या जागी, म्हणजे रात्री तीन वाजता वेळ नोंदवली की अंदाजानं टाकली या प्रश्नापाशी, त्याच उभ्या असतात. तरी परदेशी कोर्सच्या यादीत एकाही सिस्टरचं नाव नाही, सगळी एमडी झालेली मंडळी. 'इंग्रजी जमणार नाही' हे कारण मी फार वेळा ऐकलंय. मग कोर्स इथे आणा आणि मराठीत घ्या. प्रकल्पात दर वर्षी एक कार्यशाळा आहेच. दुसरं नाव हवं ते संख्याशास्त्राच्या माणसाचं. पाच तिकिटांच्या पैशात एक पूर्णवेळ सांख्यिकी आणि डेटा बघणारा माणूस तुमच्या विभागात बसत असेल, तर मी डोळे झाकून तो माणूस घेईन. विश्लेषण करणारा इथे नसला की फाइल तिकडे जाते, आणि एकदा गेलेली फाइल परत येत नाही.

तुमच्या विभागप्रमुखांबद्दल तुम्ही थोडं चिडून लिहिलंय. माझ्या मते सगळ्या पत्रातली सर्वात व्यवहारी शंका त्यांचीच आहे. मनुष्यबळाशिवाय घेतलेलं संशोधन लेबर रूममधूनच वेळ चोरतं आणि तो वेळ शेवटी एखाद्या बाईच्या वाट्याचा असतो. त्यांना विरोधक समजू नका, त्यांची शंका अटीत बदला: ड्यूटी रोस्टरवर नसलेल्या दोन संशोधन-परिचारिका आणि तुमच्यासाठी आठवड्यातला ठरलेला मोकळा वेळ, लेखी, डीनच्या सहीनं. डीन खूश आहेत म्हणता ना? मग खुशी कागदावर येऊ द्या.

कागदांचा विषय निघालाच आहे तर, हे तुमच्यासारख्या इतरांनीही वाचावं, विशेषतः स्वयंसेवी संस्थांत काम करणाऱ्यांनी. परदेशी सहकार्यानं होणाऱ्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. तिला वेळ लागतो, आणि तो वेळ पाच वर्षांतूनच जातो हे युरोपवाल्यांना आजच सांगून ठेवा. चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी पहिली बाई दाखल व्हायच्या आधी. पैसा कोणाच्या खात्यात येणार हे नीट विचारा, कारण परदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. 'मुंबईच्या एनजीओकडे येईल, ते तुम्हाला देतील' असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा आणि कॉलेजच्या लेखा विभागाला, जमल्यास जाणत्या सीएला विचारा. त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. छोट्या संस्थांचे हिशेब तिथे कोसळतात.

पाच वर्षांचं आश्वासन पाच वर्षं टिकेलच असंही धरू नका. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे एनआयएचनं, अमेरिकी विद्यापीठांमार्फत परदेशी भागीदारांना मिळणारी उप-अनुदानं नव्या व्यवस्थेची सोय होईपर्यंत थांबवत असल्याचं जाहीर केलं. तुमचे भागीदार युरोपचे आहेत, पण वारा कोणाच्याही छपरावरून वाहतो. म्हणून प्रत्येक वर्षाच्या शेवटी विचारण्याचा प्रश्न असा ठेवा: उद्या पैसे थांबले तर आज आपल्याकडे काय राहिलं? सांख्यिकी, शिकलेल्या सिस्टर, आपल्या सर्व्हरवरचा डेटा, आपल्या पीजीचा पेपर. पहिल्या वर्षी यातलं काहीच नसेल तर क्रम चुकलाय.

संशोधन शिकवायचं म्हणजे फक्त पी व्हॅल्यू शिकवायची नाही, हे मराठवाड्याला सांगायची गरज पडू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रचंड अभ्यास केला: ५२ गावसमूह, १,३१,७४६ बायका. २००९ मध्ये निष्कर्ष आला की एचपीव्हीच्या एकाच तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू साधारण निम्म्यावर येतात. जगभरच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. पण तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना तपासणी दिलेली नव्हती, आणि त्यावर पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला. इथे नेहमी मिळतं तेच त्यांना मिळालं, असं एक बाजू म्हणते. इथे काहीच मिळत नाही हे माहीत असताना ते पुरेसं कसं, असं दुसरी म्हणते. मी दुसऱ्या बाजूची आहे, तुम्ही नसलात तरी चालेल. पण तुमच्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी हा वाद पीजी आणि सिस्टरांसमोर ठेवा आणि त्यांना बोलू द्या. 'तुलनेच्या गटातल्या बाईला काय मिळणार?' हे विचारायला ज्यांना भीती वाटत नाही, ते तयार झाले असं समजा. रेघांची चादर उपलब्ध असताना अर्ध्या बायकांना नजरेवर सोडायचं का, हा प्रश्न तुमच्या प्रकल्पात येणारच आहे.

हे सगळं जमेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. तुमच्याकडे भरलेली लेबर रजिस्टरं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ पासून सिझर मोजण्यासाठी रॉब्सनचं दहा गटांचं वर्गीकरण सुचवलंय, त्यासाठी लागणारी माहिती बहुतेक रजिस्टरांत असतेच: कितवं बाळंतपण, आधीचं सिझर, किती आठवडे, बाळ एक की जुळी, डोक्याकडून, पायाळू की आडवं, कळा आपोआप की आणलेल्या. एक पीजी आणि एक सिस्टर यांना मागच्या वर्षाचं रजिस्टर त्या दहा रकान्यांत बसवायला सांगा. निम्म्या ओळींत एखादा रकाना रिकामा सापडेल, आणि तोच तुमचा पहिला शोध. जागतिक आरोग्य संघटनेच्या टीडीआर या संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमाचं 'सॉर्ट-इट' नावाचं प्रशिक्षण याच धर्तीवर चालतं. शिकणाऱ्यानं स्वतःच्या कामातला प्रश्न आणि स्वतःकडचाच डेटा आणायचा. आधी प्रोटोकॉल म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मग विश्लेषण, मग पेपर, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख चुकली की पुढे प्रवेश नाही. कडक आहे, पण माणूस पेपर लिहूनच बाहेर पडतो. भारतातही असे कोर्स झालेत. शिवाय तुमच्या किंवा शेजारच्या शासकीय कॉलेजात केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाचं बहुविद्याशाखीय संशोधन युनिट आहे का, तेही बघा. बऱ्याच जणांना ते आपल्याच आवारात आहे हे माहीत नसतं. युरोपला भेटायच्या आधी तुमच्या हातात तुमचा एक आकडा असला की बोलण्याचा सूरच बदलतो.

मग मेल लिहा, लांबण न लावता. डेटाची एक प्रत पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. मुख्य प्रश्नाचा पेपर सगळ्यांचा, पण दुय्यम प्रश्नांपैकी काही आमच्या आणि आफ्रिकेतल्या तरुणांसाठी राखीव, पहिलं नाव त्यांचं. कोण काय लिहिणार हे सहीआधी ठरलेलं. सांख्यिकीचं पद इथे. सिस्टरांचं प्रशिक्षण मराठीत. विद्यार्थिनीसाठी तुकड्यांचा कोर्स आणि परतीचे पैसे. आणि संशोधनाचे प्रश्न अंतिम करायची बैठक एकदा तरी तुमच्या गावात, लेबर रूममध्ये एक फेरी मारून झाल्यावर. चांगले भागीदार यातल्या बऱ्याच गोष्टींना हो म्हणतील, काहींवर घासाघीस करतील, करू द्या. डेटा आणि सांख्यिकी या दोन गोष्टींवर मात्र मागे येऊ नका. त्यावरच नकार आला तर हा प्रकल्प सोडा आणि रॉब्सनच्या रकान्यांकडे वळा.

आणखी एक, मेल पाठवण्याआधीचं. पूर्व आफ्रिकेतल्या त्या महाविद्यालयाच्या भागीदाराचं नाव आणि पत्ता प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असतोच. युरोपला उत्तर देण्याआधी थेट त्यांना लिहा: तुमच्या मसुद्यात काय आहे, तुम्हाला काय खटकतंय, तुमची मागची फाइल कुठे गेली? मला वाटतं तेही तुमच्यासारखंच कोणाला तरी विचारत बसलेले असतील. दोघांच्या अटी एकाच पत्रात, दोघांच्या सहीनं गेल्या, तर त्या नाकारणं तिकडच्यांना बरंच अवघड जाईल.